चाळीस घोंगड्यांची सुपारी

भामाबाईचा हात रांजणात आधी कोपरापर्यंत गेला, मग दंडापर्यंत, आणि शेवटी तळाला टेकला. तळाशी पाच-सहा चिंचोके होते आणि एक मेलेलं झुरळ. तिनं हात तसाच आत राहू दिला. बाहेर काढला की रिकामा हात साऱ्या घराला दिसणार होता.

"झाली का न्हाई खळ?" सावळारामनं अंगणातून हाक दिली.

अंगणात काळ्या लोकरीचा ताणा मेखांना ताणून धरलेला होता आणि सावळाराम कुंचा घेऊन उन्हात उभा होता. चिंचोके भाजायचे, सोलायचे, दळायचे, पाण्यात शिजवायचे आणि ती चिकट खळ कुंच्यानं धाग्याला पाजायची, मगच धागा मागावर टिकतो. बिनखळीचा धागा विणायला घेतला की तुटलाच.

"चिंचोकं सपलं," भामाबाई म्हणाली.

सावळारामला राग आला की तो ओरडत नसे, हातातली वस्तू अगदी अलगद खाली ठेवी. लग्नाला सोळा वर्षं झाली होती, आणि त्या अलगद ठेवण्याला भामाबाई ओरडण्यापेक्षा जास्त भीत असे. त्यानं कुंचा भिंतीशी टेकवला, तो पडू नये म्हणून नीट वळवून ठेवला.

"सपलं म्हंजी?"

"म्हंजी न्हाईत."

"चाळीस घोंगड्यांची सुपारी घेतलीस तवा रांजणात डोकावली न्हाईस?"

त्या सुपारीचं नाव घरात शिमग्यापासून रोज निघत होतं. शिमग्याच्या सुमाराला सावळाराम भोरच्या बाजाराला गेला असताना मानसिंग मुकादम दारात येऊन उभा राहिला. वेल्ह्याकडं धरणाचं काम चाललं होतं, तिथं त्याची टोळी होती. माणसं सगळी कोरड्या मुलखातली, मावळातला पाऊस त्यांनी बापजन्मात पाहिला नव्हता. "बाई, गेल्या पावसात माजी दोन माणसं भिजून भिजून तापानं गेली," मुकादम म्हणाला. "मिरगाच्या आत चाळीस घोंगड्या मिळतील का?" घरातून वर्षाला पंधरा जाण्याची मारामार. सावळारामनं तर दिवाळीतच सांगून टाकलं होतं, की येता पावसाळा सरला की दोन्ही माग उपसायचे आणि पुण्यात कुठंतरी राखणदारी धरायची. भामाबाईनं ओटीवर बसल्या बसल्या लोकर मोजली, कातणारे हात मोजले, दिवस मोजले, आणि मुकादमानं पुढं केलेली सुपारी उचलली. सुपारी घेतली म्हणजे शब्द दिला. या घरात ती आजवर पुरुषांनीच घेतली होती, आणि घेतलेली कुणी परत केली नव्हती.

तिन्ही गोष्टी तिनं बरोबर मोजल्या होत्या. चिंचोके मोजले नाहीत. चिंचोका का कुणी मोजतं? लग्न ठरवताना मीठ किती लागेल असं कुणी विचारत नाही. आणि गेल्या भादव्यात, माग थंड पडला होता तेव्हा, तिनंच शेजारच्या साळूबाईच्या म्हशीला पोतंभर चिंचोके देऊन टाकले होते. साळूबाई अजून दुवा देत होती. म्हैसही देत असावी.

सत्तावीस घोंगड्या झाल्या होत्या, तेरा राहिल्या होत्या. मिरगाला चौदा दिवस होते. घोंगडीमागं दोन शेर चिंचोके धरले तरी सहा-सात पायल्या हव्या होत्या.

सावळाराम तसाच भोरला गेला आणि दिवस मावळायच्या आत हात हलवत परत आला. बाजारातला सगळा चिंचोका कापडगिरण्यांच्या खळीसाठी व्यापाऱ्यांनी उचलला होता. गावातली, भोंगवलीतली, चिंचेची झाडंही त्यांनीच फळासकट घेतलेली, तेव्हा भामाबाई दारोदार फिरली तरी पदरात पडले ते जेमतेम पायलीभर.

"तांदळाची पेज लावू," सावळाराम ओटीवर टेकत म्हणाला. "धागा तर धरंल."

कोपऱ्यात पडलेले आबा उठून बसले. सावळारामचे वडील, पन्नास वर्षं मागावर घालवलेली. डोळे गेले होते पण बोटं शाबूत होती. "पेजंची घोंगडी व्हय? पयल्या पावसात आंबंल आन् दुसऱ्या पावसाच्या आधी उंदरं खात्याली. माज्या घरातनं पेजंची घोंगडी जायची न्हाई."

"मग काय करू? झाडावर चढू?"

"गेणूकडं सांगावा धाड."

गेणू म्हणजे सावळारामचा पाठचा भाऊ. तीन वर्षांपूर्वी वाटण्या झाल्या तेव्हा आबांनी माग थोरल्याला दिले आणि मेंढरं धाकट्याला, आणि त्यात दोघांचंही काही बिघडलं नसतं. पण एकदा लोकर घेताना सावळाराम पाच माणसांत बोलून गेला, "गेणूच्या लोकरीत कुसळंच लई, वजनाला बरी." तेव्हापासून गेणू दर पावसाळ्यात मेंढरं घेऊन भोंगवलीच्या कडेनं जात होता, पण पायरी चढला नव्हता.

"त्याच्याकडं हात पसरायचा न्हाई म्या," सावळाराम म्हणाला. "त्याच्या लोकरीवाचून सत्तावीस झाल्याच की. चंद्राक्कानं पालीवरनं सूत धाडलं, झालं काम."

आबा हसले. दात नव्हते, त्यामुळं ते हसू लांबपर्यंत गेलं.

"चंद्राबाईच्या घरात मेंढरू तरी हाय का रं? तुजी भन भातशेती करती. ती लोकर गेणूची, आन् कातलीया त्याच्या बायकूनं. पयल्या दिशीच माज्या बोटास्नी कळलं. तीन म्हैनं ती विनतुयास, एक तरी कुसळ लागलं का बोटाला?"

सावळारामनं बायकोकडं पाहिलं. भामाबाईनं नजर चुकवली नाही. चुकवून उपयोग नव्हता. अंबूबाई आणि ती, दोघी जावा, तीन वर्षं नवऱ्यांच्या पाठीमागं एकमेकींना जपून होत्या. सूत पालीला नणंदेकडं यायचं आणि तिथून एस.टी.नं भोंगवलीला. सुपारी उचलताना तिनं मोजलेले हात हे असे होते.

"मला कुणी सांगितलं न्हाई," सावळाराम म्हणाला.

"इच्यारलं असतं तर सांगितलं असतं," भामाबाई म्हणाली. "उद्या पयल्या गाडीनं जाते म्या. हात मलाच पसरायचा हाय. सुपारी माजी हाय."

त्यानं जा म्हटलं नाही, नको म्हटलं नाही. ते पुरे होतं.

*

मार्गासनीत बाळाबाईच्या खाचरात गेणूची मेंढरं बसली होती. पेरणीआधी शेतकरी रानात मेंढरं बसवून घेतात. लेंडीचं खत होतं आणि मेंढपाळाला रात्रीमागं धान्य मिळतं. वैशाखातल्या या फेरीत जे तांदूळ-नाचणी गोळा होई, त्यावर गेणूचं घर पावसाळा काढत असे.

बांधावरून वहिनी येताना दिसली तसा गेणू हातातली काठी टाकून पुढं धावला. या घरातून त्या घरात माणूस यायचं एकच कारण त्याला सुचत होतं.

"आबा?" त्यानं विचारलं.

"आबा बरं हायेत. चिंचोकं सपलं."

गेणू आधी तिच्याकडं बघत राहिला आणि मग जो हसत सुटला तो खालीच बसला. हसता हसता त्याच्या डोळ्यांना पाणी आलं आणि त्यातलं काही हसण्याचं नव्हतं हे त्याचं त्याला कळलं. बाप गेला असता तर तीन वर्षांचा अबोला घेऊन गेला असता. चिंचोके संपले होते. देवा, किती चांगलं झालं.

"दादांनी धाडलं?" हसणं आवरल्यावर त्यानं विचारलं. पूर्वी तो थोरल्याला अरे-तुरे करी. वाटणीनंतर दादाचं 'दादांनी' झालं होतं.

"न्हाई. म्याच आले. भावजी, तेरा घोंगड्या ऱ्हायल्यात. तितं माणसं हायेत चाळीस, आन् पाऊस काय त्यास्नी इच्यारून येणार न्हाई. सत्तावीस जणांस्नी दिली आन् तेरा जणांस्नी न्हाई दिली, तर ते तेरा कोन हे मुकादम कसं ठरवनार? आन् येवढं झालं न्हाई तर तुमचं दादा माग उपसत्यात. त्येंनी बोलून दाखवलंया."

"दोनी?"

"दोनी."

दुसऱ्या मागावर गेणू वयाच्या तेराव्या वर्षापासून बसला होता. त्याचा हात थोरल्यापेक्षा सफाईदार होता, हे आबाही जाणून होते आणि सावळारामही. तो उठला, मेंढरांभोवती एक चक्कर मारून आला आणि चुलीपाशी बसलेल्या बायकोसमोर उभा राहिला.

"अंबू, हितनं पालीपातुर सहा रानं ऱ्हायली बसवायची. व्हय ना?"

"व्हय."

"धान्य नगं म्हनायचं. चिंचोकं द्या म्हनायचं, आन् आगाऊ द्या. ह्या खोऱ्यात चिंचंला व्यापारी येत न्हाई, घरागणिक चिंचोका असनार."

अंबूबाईनं चुलीतलं लाकूड पुढं सरकवलं. सहा रानांचं धान्य म्हणजे आषाढ-श्रावणाचा भात. चार तोंडं होती. तिला नाही म्हणायचा हक्क होता आणि गेणू उत्तराची वाट पाहत उभा होता, हे तिनं पाहिलं.

"अंबू, तुज्या पोरांच्या तोंडचं नगं मला," भामाबाई घाईनं म्हणाली. "निम्मं धान्य, निम्मं चिंचोकं असं करा."

"आक्का, गप बसा," अंबूबाई म्हणाली. "माजं बाळंतपन अडलं, तवा तुमी भोंगवलीवरनं डोंगर चढून आला. म्हैनाभर ऱ्हायला. माजं न्हानं, धुनं समदं केलं. पोरगी जगली, म्या जगले. तवा तुमी काय निम्मं केलं व्हतं? निम्मी अंबू ठेवते आन् निम्मी जाऊ देते, आसं म्हनला व्हता?"

भामाबाईला रडू आलं. तिनं ते पदरानं पुसलं नाही, येऊ दिलं.

बांधावर उभ्या असलेल्या बाळाबाईनं हे सगळं ऐकलं होतं. रान तिचं होतं, ऐकायचा हक्क होता. ती घराकडं वळली आणि थोड्या वेळानं सूपभर चिंचोके घेऊन आली. "पोरींस्नी सारीपाटावरनं उठवलं," ती म्हणाली. "रडत्यात. रडू द्या. आजून आनते."

*

भामाबाई त्याच दिवशी परतली होती आणि चिंचोके येतील एवढंच घरात म्हणाली होती. चौथ्या दिवशी सकाळी तट्टू दारात येऊन थांबलं तेव्हा सावळाराम एकटाच अंगणात होता. पायलीभर चिंचोक्यांत दोन घोंगड्या उरकल्या होत्या आणि कालपासून माग बंद होता. तट्टूच्या पाठीवर दोन पोती होती आणि बाजूला गेणू उभा होता. पायरीच्या खाली.

सावळाराम बोलायचं ठरवलेलं सगळं विसरला. तो नुसताच पुढं झाला आणि पोतं उतरवायला हात लावला. दोघांनी मिळून पोतं उतरवलं, आणि ते ओटीवर न्यायचं तर गेणूला पायरी चढावीच लागली. कुणी चढ म्हटलं नाही.

भामाबाईनं पोत्याचं तोंड सोडून चिंचोके सुपात ओतले. काळे तुकतुकीत चिंचोके, त्यांत काही अर्धे फोडून दगडावर घासलेले. ते पोरींच्या सारीपाटातले होते, एक बाजू पांढरी, एक काळी. कुणाच्या तरी चिंचोक्यांना अजून मीठ-चिंच चिकटलेली होती. सहा रानं आणि त्यांच्या आजूबाजूची किती घरं, कुणास ठाऊक. पोतं अर्धं झालं आणि आतून एक गाठोडं सुपात पडलं. फडक्यात बांधलेले तांदूळ होते. त्याखाली आणखी एक होतं. दुसऱ्या पोत्यातून नाचणी निघाली.

"ह्ये काय?" गेणू म्हणाला. "म्या धान्य नगं म्हनलो व्हतो समद्यास्नी."

"म्हनूनच खाली घातलंया," आबा कोपऱ्यातून म्हणाले. "वर घातलं असतं तर तू घेतलं असतंस का?"

गेणू फडकं हातात धरून बसून राहिला. पाली, मार्गासनी, मधली वाडी. कोणती गाठ कुणाच्या हातची हे कळायला मार्ग नव्हता. त्यानं हात जोडले, पण कुणाकडं तोंड करून जोडावेत ते समजेना, म्हणून वेल्ह्याच्या बाजूला जोडले.

सावळाराम त्याच्याकडं बघत होता. भावाच्या खांद्यावर घोंगडी होती ती सहा ठिकाणी फाटलेली. दर वर्षी नवी घोंगडी पांघरणारा हा माणूस. यंदाची त्याची लोकरही सुतात जाऊन मागावर चढली होती आणि आपण ती पालीच्या बहिणीची म्हणून विणली. पाच माणसांत बोललेलं पाच माणसांतच उतरवावं लागतं. इथं मोजून चार होती, पण तेवढ्यात साळूबाई ताकाची कासंडी घेऊन दारात आली आणि पाच झाली.

"गेणू," तो म्हणाला, "म्या चुकलो. कुसळ तुज्या लोकरीत नव्हतं. माज्या जिभंला व्हतं."

"ठावं हाय मला," गेणू म्हणाला. "दुसरा माग कसा हाय, दादा? पाय सोडायच्या खड्ड्यात लाकडं टाकलीस का काय?"

"व्हती टाकलेली. काल काढली."

"काल? म्या येनार हे कुठं ठावं व्हतं तुला?"

"न्हवतं ठावं," सावळाराम म्हणाला. "ताणा धर आता. ऊन वर आलंया."

मग दहा दिवस घरात फार बोलणं झालं नाही. सकाळी चिंचोके भाजल्याचा खमंग वास सुटे, भामाबाई आणि साळूबाई जात्यावर बसत. म्हशीनं खाल्लेलं फिटू दे, म्हणून साळूबाई रोज न बोलावता येत होती. उन्हं वर येईतो ताण्याला खळ पाजून होई आणि मग दोन्ही मागांचा आवाज सुरू व्हायचा, एक जरा जड, एक जरा चपळ. आबा कोपऱ्यातून कोणता कुणाचा ते ओळखत आणि कुणी ऐकत नसताना हसत. मेंढरं अंबूबाई सांभाळत होती, सोबतीला पालीच्या नणंदेचा दीर होता. वेल्ह्याची एस.टी. नसरापूर फाट्याला आली की कुणी ना कुणी ओळखीचं माणूस "गेणूचं चिंचोकं" म्हणून एखादं फडकं हातावर ठेवून जाई. अंबूबाई आता थांबा म्हणून सांगत होती, पण खोऱ्यातल्या बायका ऐकायला तयार नव्हत्या.

*

मिरगाच्या आदल्या दिवशी मानसिंग मुकादम ट्रक घेऊन आला. बरोबर दोन मजूर होते. पश्चिमेला राजगडाच्या बाजूला आभाळ काळं झालं होतं आणि मजूर त्याच्याकडं बघत होते.

भामाबाईनं एकेक घोंगडी उचलून आबांच्या हातात दिली, आबांनी बोट फिरवून पुढं सरकवली. चाळीस भरल्या. मजुरांतला म्हातारा पुढं झाला, त्यानं एक घोंगडी उलगडून डोक्यावरून घेतली आणि उन्हातच उभा राहिला. घाम फुटला तरी काढीना.

"माजा भाऊ गेला गेल्या साली," तो भामाबाईला म्हणाला. "बाई, तुमचं चांगलं व्हावं." तो वाकायला गेला तशी ती मागं सरली. एवढं चांगलं तिचं एकटीचं होणं बरोबर नव्हतं, त्यात खोऱ्यातल्या निम्म्या बायकांचा वाटा होता, पण हे त्याला कसं सांगावं ते तिला कळेना.

एकेचाळिसावी घोंगडी गेणूच्या खांद्यावर होती. ती सावळारामनं विणली होती, उरल्यासुरल्या लोकरीची, काळ्यात मधेच पांढरे पट्टे असलेली. गेणू म्हणत होता की असली बांडी घोंगडी पंचक्रोशीत कुणाकडं नाही. हे तो चौथ्यांदा म्हणत होता.

मुकादमानं खिशातून सुपारी काढली. "सावळारामबुवा, दिवाळीच्या आत आनखी साठ पायजेत. दुसरी टोळी येनार हाय." आणि त्यानं हात सावळारामसमोर केला.

सावळारामनं हात मागं घेतला. "तिकडं द्या," तो म्हणाला. "ह्या घरात सुपारी घ्यायचा हात त्यो हाय."

मुकादम भामाबाईकडं वळला. सगळे बघत होते. आबांनीही मान तिकडं केली. सोळा वर्षांत नवरा तिच्याबद्दल असं कुणासमोर बोलला नव्हता, आणि तिला वाटलं, एवढं पुरे, यापुढं काही नाही मिळालं तरी चालेल. पण हात तिनं पुढं केला नाही.

"भावजी, लोकर?"

"भादव्यात कातरन हाय. पुरंल."

"इननारं हात?"

"दोन माग हायेत की," सावळाराम म्हणाला.

"वाईच थांबा मुकादम," भामाबाई म्हणाली, आणि हातात सुपारी धरून उभ्या राहिलेल्या त्या माणसाला अंगणात तसाच सोडून ती आत गेली.

रांजणाच्या तोंडाशी ती क्षणभर थांबली. मग हात आत घातला. हात मनगटापर्यंतच गेला.

ती बाहेर आली, पदर सारखा केला आणि तळवा पुढं धरला.

"द्या," ती म्हणाली.